पुन्हा बुजवलेला खड्डा

अनमच्या अब्बांना सलाम,

मेक्सिकोतल्या प्राचीन ओल्मेक लोकांबद्दल वाचतेय. त्यांनी हिरव्या दगडाची छोटी माणसं घोळका करून उभीच पुरली. बऱ्याच काळाने कुणीतरी नेमकं तिथेच डोक्यांपर्यंत खणलं, पाहिलं आणि काहीही न काढता खड्डा बुजवला. जागा कशी लक्षात राहिली असेल? आणि खणलं कशाला?

अनम म्हणते, "अम्मी, अब्बांचे कपडे इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांना देऊन टाकू. किती दिवस बॅग कॉटखाली ठेवणार? खलास आता."

तुमच्या दफनानंतर मीच भरलेली ती बॅग आज उघडली. वरच निळा शर्ट, कॉलर मीच उलटवून शिवलेली. हात न लावता बॅग बंद केली.

उद्या अनमला सांगेन, घेऊन जा. कुठल्या घडीखाली काय आहे, मला ठाऊक आहे.

तुमची,
मुनीरा