साहेबांच्या हातचा केक

मंगळवार, दिवेलागण

इराची ही तिसरी नोकरीही जाणार बहुतेक. वाळूजच्या तिच्या कंपनीत कुणाचाही वाढदिवस असला की साहेब सगळ्यांना स्वतःच्या हातानं केक भरवतात. आज इरा मागं सरकली आणि सर्वांदेखत म्हणाली, "साहेब, तुम्ही आत्ताच त्या हातानं नाक पुसलं." पाहिलं सगळ्यांनीच होतं, बोलली एकटी माझी कन्या.

ती ऑटिस्टिक आहे हे कंपनीला ठाऊक आहे. नोकरीत तिचा जम बसवून देणाऱ्या जॉब कोच मीनाताईंनी तिला हेडफोन, कोपऱ्यातली शांत जागा, सगळं मिळवून दिलं. केकचं कुणाच्या ध्यानात येणार होतं? उद्या साहेबांनी बोलावलंय.

मीनाताई फोनवर म्हणाल्या, "सर, मी सोबत येते. तिला फक्त सॉरी म्हणायला सांगा."

सांगितलं. इरा म्हणाली, "पण बाबा, पुसलंच होतं की."

जन्मभर शाळेत पोरांकडून सुभाषितं घोकून घेतली, आणि लेकीला उद्यापुरतं एक वाक्य देता येईना. मी नसेन तेव्हा हिचं कसं होणार?

मग तिनं डब्यातून केकचा तुकडा काढला. "तुमच्यासाठी आणलाय. मीच कापला, हात धुऊन."

खाल्ला. बोटाला लागलेलं क्रीमसुद्धा.