उत्सव, अरण्य आणि साडू

६ फेब्रुवारी, बसमध्ये

टूर सुरू. आधी देवाचा उत्सव, मग जंगल, मग आदिवासी पाडा. सगळं एकाच पॅकेजमध्ये. संकल्प: या खेपेला साडूचा हेवा करायचा नाही. मुळात मी करतच नाही. तो दातांचा डॉक्टर, माझं चष्म्यांचं दुकान. तुलनेचा प्रश्नच येत नाही. मेव्हणी गेल्यापासून बायको त्याला एकटं सोडत नाही. बरोबरच आहे. पण खिडकीची सीटसुद्धा?

७ फेब्रुवारी

उत्सव. प्रचंड गर्दी. मी आधीच वाचून आलो होतो, म्हणून ग्रुपला देवळाची सगळी माहिती सांगायला घेतली. मी मुद्द्यावर येतोय तोच पुजाऱ्याने साडूला हाताला धरून नेलं आणि देवाच्या पालखीला खांदा द्यायला लावला. सगळे तिकडे पळाले. फोटोत माझं कोपर आलंय.

बायको म्हणाली, भावोजी किती श्रद्धेने एकेक पाऊल टाकत होते! मी म्हटलं, त्याची पाठ धरलीय. ती पुढे जाऊन भावोजींचे फोटो काढायला लागली.

८ फेब्रुवारी, जंगल

डोळे हा माझा धंदा. प्राणी पहिला मलाच दिसणार. दिसलाच. "अस्वल!" म्हणून ओरडलो. जीप थांबली. गाईड नम्रपणे म्हणाला, साहेब, तो वठलेल्या झाडाचा बुंधा आहे, आणि आपल्या आवाजाने आत्ता जी हरणं पळाली ती खरी होती.

थोडं पुढे साडू हळूच म्हणाला, ते काय हो? अस्वलीण. पाठीवर दोन पिल्लं. गाईडने त्याच्याशी हात मिळवला. बायकोने तर टाळीच दिली. त्याचा चष्मा माझ्या दुकानातला आहे, डिस्काउंटमध्ये दिलेला. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी लक्षात आणून दिलं. तरी आलं नाही.

९ फेब्रुवारी, पाडा

संध्याकाळी नाच. शिकवणारी आजी करड्या शिस्तीची. माझं पाऊल बरोबर पडत होतं, फक्त इतरांचं त्या वेळी पडत नव्हतं. आजीने मला बाजूला बसवलं. साडू चुकला तर हसली आणि त्याच्या गळ्यात ढोल अडकवला. कमाल आहे.

निर्णय: उद्या पहाटे एकट्याने जायचं आणि अस्वलाचा फोटो आणायचा. जवळून. बायकोला सांगायचं नाही. सरप्राइज.

१० फेब्रुवारी

हरवलो नव्हतो. फक्त कुठे होतो ते कळत नव्हतं. ओढ्यात पाय घसरला, एक बूट वाहून गेला. मग मी हाका मारल्या. त्याला किंचाळणं म्हणत नाहीत.

आजीनेच शोधून काढलं. म्हणाली, अरे बाबा, इथे तर आम्ही शेळ्या बांधतो! खरंच, मागेच गोठा होता. पाडा अख्खा हसला.

बायको धावत आली. अनवाणी. माझी बाही धरून बसली. मी म्हटलं, अगं, नवीन शर्ट आहे, ताणला जाईल. तरी सोडेना. तळव्यात काटे भरले होते. ते काढायला कोण? साडू. चिमटा बरा त्याच्याकडेच असतो! आणि हात इतका हलका की तिने हूं की चूं केलं नाही. माझ्या पायाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

११ फेब्रुवारी, परतीची बस

गाईडने माइक फिरवला. टूरमध्ये काय आवडलं ते प्रत्येकाने सांगायचं. मी जंगलावर भाषण तयार ठेवलं होतं. माझ्या आधी साडू उठला. म्हणाला, खरं सांगू? मला आमच्या साडूंचा हेवा वाटतो. काल ते दिसेनात तेव्हा मेव्हणीबाई चप्पल न घालता काट्यांतून पळत सुटल्या. मी हरवलो तर आता असं धावणारं कोणी नाही.

टाळ्याच टाळ्या. पुढच्या सीटवरची बाई रडायला लागली. बायकोने डोळे पुसले. म्हणाली, असं चारचौघांत बोलून दाखवायला केवढं मोठं मन लागतं!

म्हणजे इतकी वर्षं हेवा मी करायचा आणि टाळ्या यांना.

माझी पाळी आली. भाषण आठवेना. माइक हातात धरून म्हटलं, मलासुद्धा यांचा हेवा वाटतो. पहिल्यापासून.

सगळे खो खो हसले. साडू सगळ्यात जोरात.

बायको हसली नाही. माझ्या हातातला माइक काढून घेतला. मग म्हणाली, माहीत आहे. बसा आता.

बसलो.