ताटावरची तीन अक्षरं

मिडलटाऊन, ऑक्टोबर १७७१

प्रिय मेहिटाबेल,

हे पत्र लपवू नकोस. तुझ्या वडिलांनी वाचलं तरी चालेल.

तुझ्या लग्नाची प्यूटरची, त्या कथलाच्या मिश्रधातूची, बारा ताटं माझ्याच हातची. ओतली मी, कडा तासल्या मी, घासून चकचकीत केली तीही मीच. आमचे मालक ग्रिसवोल्डकाका म्हणाले, “कॉलेजात लॅटिन घोकत होतास, त्यापेक्षा इथे बरा दिसतोस.” मला हसू आलं नाही. पाद्री व्हायचं कॉलेज अर्धवट टाकून आलो ते काही या धातूच्या प्रेमाने नाही. लवकर धंदा हाताशी आला तर तुला मागणी घालता येईल, एवढंच डोक्यात. आणि तुझे वडील, चर्चचे कारभारी डीकनसाहेब, काय म्हणाले? “धड पाद्री नाही, धड कारागीर नाही. माझी मुलगी काय तुझं लॅटिन खाणार?” मी दार आपटून निघालो. तू खिडकीत होतीस.

काल काकांनी अक्षरांचे ठसे हातात दिले. रीत तुला माहीतच आहे, वर नवऱ्याचं आडनाव, खाली डावीकडे तो, उजवीकडे ती. बर्नमचा बी, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, एलिशाचा ई, तुझा एम. मी हातोडा उचलला आणि पहिल्याच ताटावर माझ्या आडनावाचा, स्टिलमनचा एस ठोकला. खाली माझा, जेरेडचा जे. मग तुझा एम. शपथ घेतो, मुद्दाम नाही केलं. वर्षभर मनात हीच तीन अक्षरं ठोकत होतो, हात आपोआप तिकडे गेला. काका ओरडले, “अरे गाढवा, डीकन तुला भर चर्चमध्ये सोलून काढेल!”

आणि नेमकी तू दारात. ताट उचललंस, अक्षरांवरून अंगठा फिरवलास. नुसतं ‘चल’ म्हणाली असतीस ना, तर एप्रनसकट निघालो असतो. तू म्हणालीस, “जेरेड, नीट करून दे ना. एलिशाच्या आईला वाईट वाटेल.”

दिलं करून. ठोकलेली अक्षरं पुसता येत नाहीत, म्हणून ताटच वितळवलं. पाहता पाहता पाणी झालं गं. पुन्हा ओतलं, बरोबर अक्षरं ठोकली. गुरुवारी बाराही ताटं तुमच्याकडे पोचतील.

लिहायला बसलो ते एक मागायला. सुऱ्यांचे चरे पडून ताटं झिजतील. मग सगळ्या बायका आणतात तशी तूही ती मोडीत आणशील, नवी ओतून घ्यायला. तेव्हा या दुकानात येऊ नकोस, हार्टफर्डच्या दुसऱ्या कारागिराकडे ने. तुझा एम वितळताना मी एकदा पाहिलाय. दुसऱ्यांदा माझ्याने होणार नाही.

हक्क उरला नाही तरी तुझाच,
जेरेड