सात पानांची नोटीस

३ जून, मंगळवार
वकिलांनी नोटीस तयार केली – सात पानं! सुनेला पाठवायची. प्रत्येक पानाखाली माझी सही हवी, 'वाचलं, समजलं' म्हणून. मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही नाही. हसले. हसोत बापडे. चौथीच शिकले, पण बोट ठेवून वाचते.

मुलगा जाऊन दोन वर्षं झाली. सून नातीला घेऊन माहेरी गेली, ती गेलीच. फोन उचलत नाही. आता नात भेटणार – नुसत्या विचारानेच आज दोनदा चहा झाला, शेजारणीला तीनदा सांगून झालं.

४ जून
दीड पान झालं. सगळं 'सदर', 'उपरोक्त', 'तदनुषंगाने'. नातीला 'सदर अज्ञान मुलगी' म्हटलंय. अज्ञान कसली? चार वर्षांची होती तेव्हा टीव्हीचा रिमोट तिनेच शिकवला मला. चुकले की कपाळावर हात मारायची, अगदी बापासारखा.

६ जून
पाचव्या पानावर अडकले. सुनेने नातीला 'हेतुपुरस्सर, जाणूनबुजून व दुष्ट बुद्धीने' तोडलं म्हणे. एका गोष्टीला तीन शब्द, आणि एकही धड खरा नाही. मुलाच्या दुखण्यात उशाशी तीच बसून होती. तो गेल्यावर मीच तिला बोलले – तू वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस. ते सात पानांत कुठेच नाही.

९ जून
पेन्सिलीने खोडून वकिलांकडे नेली. त्यांनी चष्मा वर केला. "आजी, सगळं पीकच कापलंत की!"
"तण काढलं."
"अहो, नोटिशीला वजन लागतं."
"दुधात पाणी घातलं की वजन वाढतं, साय नाही वाढत."
"मग उरलं काय?"
शेवटच्या पानामागे मी स्वतः लिहिलेलं वाचून दाखवलं. तुला बोलले ते चुकले. पोरीला बघायचंय. तुलाही.
त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "ही नोटीस नाही, आजी. पत्र आहे. तुमच्याच अक्षरात जाऊ दे." लिफाफा त्यांनीच दिला.

११ जून
पोस्टमनला विचारलं, पोचलं असेल? "आजी, कालच टाकलंत ना?" हो, पण विचारायला काय जातं!

१७ जून
सुनेचा फोन. आधी माझी तब्येत विचारली. मग ती म्हणाली, "आई, तिला तुमचा चेहरा आठवत नाही आता. लवकर या."

सकाळची गाडी आहे.