ताटावरचा आडवा हात

गुरुवार, १५ मार्च २००१, शारजा

माझ्या मिहिकाच्या ऑटिझमच्या वर्गातून ‘पुरे’ म्हणायला हातात द्यायचं चित्रकार्ड आलं, त्यावर नुसती लाल फुली. पाच वर्षांच्या, न बोलणाऱ्या पोरीला त्यातून काय कळणार? मी रोल्ला भागातल्या फोटो स्टुडिओतून नवं करून आणलं. त्यावर ताटावर आडव्या धरलेल्या माझ्या हाताचा फोटो.

आज सासूबाई तिला भात वाढतच होत्या. “अगं, एवढासाच.” एरवी मिहिका किंचाळून ताट ढकलते. आज तिने कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हसून ते खाली ठेवलं, पुन्हा चमचा भरला. तिने तेच कार्ड परत दिलं. न रडता.

चमचा पातेल्यात गेला. “बरं बाई, खलास.”

कार्डाबाबत माझंच बरोबर होतं. पण तो हात... फोटोतला हात माझाच ना? मला वाढताना मी ताटावर धरलेला खरा हात त्यांनी आजवर एकदाही मानलेला नाही.