जगासाठी प्रार्थना, एक देश सोडून

२ जून, रविवार
पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, सुवार्ता जगभर न्यायला प्रत्येकाने हात लावायचा. कुणी जायचं, कुणी सामान पाठवायचं, कुणी प्रार्थना करायची. मी जाणार. जन्मभर नळ जोडले, तिकडे पंप बसवीन. ही म्हणाली, आपली पोरगी गेलीच आहे की नर्स म्हणून. म्हटलं, ती मला न विचारता गेली. ते धरायचं नाही.

५ जून
डॉक्टर म्हणाला, काका, माझा जिना चढताना दोनदा बसलात. जाणं रद्द. डॉक्टरला अक्कल नाही.

८ जून, पहाटे
प्रार्थना हेच खरं काम. भिंतीवर जगाचा नकाशा ठोकला. रोज थोडे देश, मोठ्याने. पोरीचा देश सोडून पुढे गेलो. आधी तिला माफी मागू दे. मी आमेन म्हटलं तरी हिचे ओठ हलतच होते.

१३ जून
पोरीचा फोन. हिने घेतला. तिकडे तापाची साथ, दवाखान्यात खाटा पुरत नाहीत. पप्पांना दे म्हणाली. मी खूण केली, प्रार्थनेत आहेत सांग. चहा पीत होतो. पण तो प्रार्थनेआधीचाच.

१६ जून
मंडळीतून कपडे जमवले. सगळे लोकरीचे निघाले. पाळकसाहेब म्हणाले, अहो, तिकडे उन्हाने माती फुटते. म्हटलं, तापात थंडी वाजतेच. दोन ब्लँकेटं मात्र बरी होती. पोरीच्या दवाखान्याला नाही दिली, दुसरीकडे पाठवली. घरच्यांचे लाड नकोत.

२१ जून
पोरगी तापाने पडली. ही म्हणाली, अहो, आज तरी तिचा देश घ्या. म्हटलं, रविवारी घेतो, सगळ्या मंडळीसमोर. माफ करायचं तर नीट करू. मग फोनही करीन. ही उठून आत गेली.

२३ जून, रविवार
प्रार्थना पाठ झाली होती. बूट घालत होतो, तर पाळकसाहेबच दारात. पोरगी गेली, काल तिकडेच पुरली. साथीत थांबत नाहीत म्हणे. मला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळ
नकाशासमोर बसलो. त्या देशावर बोट ठेवलं. आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. दुसरं काही मागायला सुचेना. शेवटी नुसतं आमेन म्हटलं.

हिचे ओठ मिटलेले होते.