विहिरीकडचं दार

मी, श्रीमती रत्नम्मा मल्लिकार्जुन हत्तरगे, वय एकसष्ट, राहणार लातूर, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाशिवाय, माझ्या पश्चात काय कुणाचं ते लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. शिवणयंत्र मुलगी सिंधु हिला. भाकरीची काटवट नणंद नीलाबाई यांना. लग्नात त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कॉन्व्हेंटची पोरगी, भाकरी तरी थापता येती का?" चाळीस वर्षं थापल्या. आता काटवट त्यांनी सांभाळावी.

२. राहतं घर यजमानांनी माझ्या नावे घेतलं होतं. ते पुतण्या बसवराज याला. तो विकणार, हे मला ठाऊक आहे. लातूर जिल्हा झाल्यापासून साहेबलोक घरं शोधत फिरतात. माझी हरकत नाही. मात्र इसार घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या हाती निजामाच्या काळातलं उर्दू खरेदीखत, त्याचं मराठी भाषांतर, मोजणीचा नकाशा, कराच्या पावत्या आणि बोजा नसल्याचा दाखला द्यावा. माळवद गळतं, हेही लिहून द्यावं. सिकंदराबादला आमच्या शाळेत जुने कपडे विकायला मांडताना सिस्टर रफू दिसेल अशीच घडी घालायला लावत. ते कपडेही विकले जात.

३. बहात्तरच्या दुष्काळात गल्लीतले आड आटले, आमच्या परसातल्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. यजमानांनी मागची भिंत फोडून शेजारच्या विठाबाईसाठी दार काढलं आणि ते कायमचं म्हणून सांगितलं. शब्द तोंडी होता. कुठल्याच कागदावर नाही. गेल्या महिन्यात मी नांदेडला सिंधुकडे गेले असताना बसवराजने ते दार विटांनी बुजवलं. परतल्यावर, त्याने घर दाखवायला आणलेल्या गिऱ्हाइकासमोरच मी गवंड्याला ते पुन्हा फोडायला लावलं आणि दार कुणासाठी तेही सांगितलं.

"काकू, दाराचं कशाला सांगायलाव? गिऱ्हाईक पळून जाईल की!"

"जाऊ दे. न पळणारं येईल कुणीतरी."

विठाबाई घागर घेऊन उभी होती. म्हणाली, "माय, तुमी हाव तवर दार हाय. मागून कोण इचारतंय?"

बसवराज मायाळू आहे, पण हे मी त्याच्यावर सोडत नाही. म्हणून विहीर, मागचं दार आणि दोहोंमधली वाट मी विठाबाई हणमंत सुरवसे हिला मालकी हक्काने देते. ही तिन्ही घरासोबत विकता येणार नाहीत. या मृत्युपत्राची नक्कल गिऱ्हाइकाला बाकीच्या कागदांसोबत द्यावी.

घर घेणाऱ्याला पाणी लागलं, तर त्याने विठाबाईला विचारावं. ती नाही म्हणणार नाही. पण विचारावं लागेल.

हे सारं माझ्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं आणि खालील दोघांसमोर सही केली.

सही: रत्नम्मा मल्लिकार्जुन हत्तरगे

साक्षीदार: १. सिद्रामप्पा विरूपाक्ष खानापुरे
२. शेषेराव श्रीमंत जाधव

लातूर, दि. ४ एप्रिल १९८३